पेपर पॉइंट ओलाच येत होता: वरच्या लॅटरलची सहा व्हिजिटची केस

रूट कॅनॉल (आरसीटी) करताना दात आतून काही केल्या सुकेना, अशी ही केस 2023 च्या ऑगस्टमधली. पेशंटला विचारून लिहितोय, नाव-गाव देत नाही, फक्त एवढं सांगतो की मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आणि हे दादा पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाडीतून एसटीने यायचे. वय 31, ट्रॅक्टर चालवतात, कारखान्याचा सीझन लागला की चार-पाच महिने रात्रंदिवस उसाच्या खेपा, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं की डॉक्टर, काय करायचं ते दिवाळीच्या आत उरका, नंतर मी काय गावायचो नाही.

दात म्हणजे वरच्या जबड्यात डावीकडे, पुढच्या मोठ्या दाताच्या शेजारचा छोटा, आमच्या नंबरात 22, लॅटरल. शाळेत असताना कबड्डी खेळताना कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला होता, दाताची कड तिरकी उडाली, थोडं रक्त आलं, चार दिवस दुखलं आणि मग सगळे विसरून गेले. पुढे दात हळूहळू करडा पडत गेला. गेल्या दोन वर्षांत वरच्या हिरडीला फोड यायला लागला, मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, सूज उतरायची, दोन-तीन महिन्यांनी परत तेच. हे असंच होणार, कारण दाताच्या आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद होतो, मग गोळीतलं औषध कॅनॉलच्या, म्हणजे मुळातल्या नसेच्या पोकळ नळीच्या, आत पोचणार कुठून? बाहेरची सूज बसते आणि आतलं कारण तसंच राहतं.

थंड टेस्टला 22 ने काहीच दाद दिली नाही, शेजारचे 21 आणि 23 व्यवस्थित बोलले. ठोकल्यावर थोडं दुखत होतं. एक्सरेत मुळाच्या टोकाला साधारण 10 मिमी व्यासाचा काळा गोल दिसत होता, कडा बऱ्यापैकी स्पष्ट. दादा म्हणाले, काढूनच टाका की, एका दाताने काय होतंय. पुढचा दात, वय 31, मूळ शाबूत, मी म्हटलं दादा, काढायला पाच मिनिटं लागतात, पण एकदा काढला की तो परत बसवता येत नाही, आधी वाचवायचा प्रयत्न करू, नाहीच जमलं तर बघू. सोबत त्यांच्या आई आल्या होत्या, त्या म्हणाल्या डॉक्टर सांगतोय ते ऐक.

पहिल्या व्हिजिटला मागच्या बाजूने दात उघडल्या उघडल्या पू आला, पिवळा, थोडा रक्तमिश्रित. अशा वेळी मी घाई करत नाही, खुर्ची सरळ करतो, पेशंट नीट बसला की वरच्या दाताचं मूळ वर आणि उघडलेलं तोंड खाली होतं, जे निघायचंय ते आपल्या वजनाने निघतं, आडवं झोपवून ठेवलं तर तेच आत तुंबून राहतं. वीस मिनिटांत थांबलं. सलाइनने धुतलं, कॅनॉल थोडा साफ केला, कापूस, वर टेम्पररी (म्हणजे तात्पुरतं फिलिंग), घरी पाठवलं. पूर्वी असा दात उघडाच सोडायची पद्धत होती, निचरा व्हावा म्हणून, पण उघड्या दातातून निचरा होतो त्यापेक्षा लाळ आणि भाकरीचे कण जास्त आत जातात आणि नंतर तो दात आवरता आवरत नाही, म्हणून मी त्याच दिवशी बंद करतो.

दुसरी व्हिजिट आठवड्याने. सूज नाही, दुखणं नाही. रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावला, अपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक दाखवणाऱ्या यंत्राने) आणि एक्सरेने दाताच्या कडेपासून लांबी काढली, 21 मिमी, म्हणजे मुळाच्या तोंडापासून, मुळाच्या टोकाला जे बारीक छिद्र असतं त्यापासून, अर्धा मिमी अलीकडे. साफ करायला घेतलं तर फाईलचा (कॅनॉल घासायच्या बारीक सुईचा) रबरी स्टॉपर, म्हणजे लांबीची खूण, त्या तुटक्या तिरक्या कडेवर नीट टेकेना, एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. म्हणून मी बर (दात घासायचं फिरतं टोक) घेऊन कड सपाट केली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मग 40 नंबरच्या फाईलपर्यंत 21 लाच साफ केलं, हायपो वापरलं (म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, 3 टक्के), शेवटी सलाइन, आणि सुकवायला पेपर पॉइंट घेतले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेपर पॉइंट म्हणजे टोकदार गुंडाळलेली कागदाची बारीक काडी, फाईलच्या नंबराप्रमाणेच तिचे नंबर असतात, 25 म्हणजे टोकाला 0.25 मिमी. चिमट्यात धरून कॅनॉलमध्ये घालायची, ओली झाली की काढून दुसरी. कोरडी आली की कॅनॉल भरायला तयार. कॉलेजात आम्हाला एवढंच शिकवलं होतं आणि खरं सांगायचं तर मी बरीच वर्षं एवढंच करत होतो.

त्या दिवशी नऊ पॉइंट वापरले. वरचा भाग कोरडा, टोकाचे दीड-दोन मिमी ओले, पाण्यासारखं, किंचित पिवळसर. मला वाटलं पू नाहीये म्हणजे चांगलंच आहे, थोडा स्राव असतो एवढ्या मोठ्या लीजनला, म्हणजे एक्सरेतल्या त्या काळ्या गोलाला. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दोन आठवड्यांनी बोलावलं. हे औषध 1920 मध्ये हर्मन नावाच्या जर्मन दंतवैद्याने दातात वापरायला सुरुवात केली, शंभर वर्षं झाली तरी अजून याला तोड नाही, पीएच साडेबाराच्या आसपास, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत आणि झिरपणाऱ्या पेशींवर त्याचा आकसवणारा परिणाम होतो, म्हणून रडणाऱ्या, म्हणजे सतत पाणी येणाऱ्या, कॅनॉलला हेच पहिलं औषध.

तिसऱ्या व्हिजिटला टोक ओलंच. परत धुतलं, परत पॉइंट, या वेळी बारा, शेवटच्या दोनांना टोकाला गुलाबी. परत कॅल्शियम. चौथ्या व्हिजिटला, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, तेच. दादा आता कंटाळले होते, दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत होती, मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आमच्या असिस्टंट ताई पाच वर्षं माझ्याकडे आहेत, कामाला एक नंबर, त्यांनी मदत म्हणून थ्री-वे सिरिंज उचलली, म्हणजे खुर्चीची हवेची नळी, की सर, हवा मारून सुकवू का. मी त्यांचा हात धरला. हे मी इथे मुद्दाम लिहितोय कारण हा मोह बऱ्याच ठिकाणी होतो आणि सहज होतो: उघड्या कॅनॉलमध्ये प्रेशरची हवा कधीही सोडायची नाही. ती हवा मुळाच्या तोंडातून बाहेर पडून गालाच्या, डोळ्याखालच्या मऊ भागात शिरते, मिनिटाभरात चेहरा सुजतो, दाबलं की कुरकुर वाजतं, आणि नशीब वाईट असेल तर हवा रक्तवाहिनीत जाऊन जिवावर बेतू शकतं. दात ओला राहिला तर राहू दे, आठवड्याने बघू, पण हवा नाही. ताईंना नंतर सगळं नीट समजावून सांगितलं, आता नवीन मुलगी आली की त्याच सांगतात.

त्या रात्री मी आमच्या कॉलेजच्या मॅडमना फोन केला, एंडोच्या (म्हणजे रूट कॅनॉलचा विषय शिकवणाऱ्या), आता रिटायर आहेत पण विद्यार्थ्याचा फोन कधी टाळत नाहीत. मी सगळं सांगितलं, माझा अंदाजही सांगितला की सिस्ट (पाण्याची गाठ) असणार, सर्जरीला पाठवावं लागेल असं दिसतंय. मॅडम म्हणाल्या सिस्टचं नंतर बघू, आधी सांग, पॉइंट ओला कुठे येतो, टोकाला की बाजूला? टोकाला. किती लांब घालतोस? 21. 21 कधी मोजलंस? दुसऱ्या व्हिजिटला. टेम्पररी किती जाड असते? यावर मी गप्प, कारण कधी मोजलीच नव्हती. म्हणाल्या, पहिल्या दिवसाचा आणि आजचा फोटो पाठव दाताचा.

दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला: अरे, कड सपाट झालीय. मोजल्यावर घासलीस ना?

मोजल्यावरच घासली होती. कड जवळजवळ एक मिमी कमी झाली होती आणि मी 21 चा आकडा तसाच धरून बसलो होतो. आधी 21 म्हणजे मुळाच्या तोंडापासून अर्धा मिमी अलीकडे होतं, कड गेल्यावर तेच 21 अर्धा मिमी पलीकडे झालं. म्हणजे मी तीन व्हिजिट फाईल मुळाच्या बाहेर काढत होतो, मुळाचं नैसर्गिक बारीक तोंड 40 नंबरने मोठं करून ठेवलं होतं, आणि माझा प्रत्येक पेपर पॉइंट दाताच्या बाहेर लीजनमध्ये जाऊन तिथलं पाणी पिऊन येत होता. तो कोरडा येणारच नव्हता.

फोन ठेवल्यावर मी कागद घेऊन बसलो, कारण मला आकड्यात बघितल्याशिवाय पटत नाही. 60 नंबरचा कॅनॉल धरला, टोकाला 0.60 मिमी, दोन टक्के टेपर (दर मिमीला 0.02 मिमी रुंद होत जाणारा), मुळातली लांबी 12 मिमी, त्याचं घनफळ येतं साधारण 5 मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब असतो साधारण 50 मायक्रोलिटरचा. म्हणजे मुळातला आख्खा कॅनॉल काठोकाठ भरला तरी एका थेंबाचा दहावा भाग. आणि बाहेरचं लीजन, 10 मिमी व्यासाचा गोल धरला तर त्याचं घनफळ सव्वापाचशे मायक्रोलिटर, अर्धा मिलीच्या वर. सगळं काही द्रव नसतं, त्यात मऊ पेशीही असतात, पण तरी कॅनॉलच्या शंभरपट जागा ती. मी विहिरीत कंदिलाची वात सोडून विहीर कोरडी व्हायची वाट बघत होतो.

शिवाय पेपर पॉइंट बाहेर जाणं नुसतं फुकटचं नाही, घातक आहे. तो कागद आहे, त्याचे तंतू सुटतात, आणि सेल्युलोज पचवायचं साधन आपल्या शरीरात नाही. तंतू मुळाबाहेर राहिले तर त्यांच्याभोवतीच सूज धरून राहते आणि आरसीटी कितीही चांगली असली तरी लीजन भरत नाही. शेवटच्या पॉइंटांना गुलाबी टोक का येत होतं तेही यातच आलं.

मॅडमनी पॉइंट कसा वाचायचा ते त्या रात्री जवळजवळ अर्धा तास सांगितलं, मी लिहून घेतलं. फक्त टोक ओलं म्हणजे पाणी मुळाच्या तोंडाकडून येतंय, किंवा तुम्ही बाहेर आहात. टोक कोरडं आणि मध्येच एका बाजूला ओलं किंवा लाल, म्हणजे बाजूची शाखा, नाहीतर तिथे भोक पडलंय, दाढांमध्ये दोन मुळांच्या आतल्या बाजूला लाल डाग दिसला तर हात थांबवायचा. वरून खालपर्यंत सगळा ओला म्हणजे अजून तुमचंच औषध आत आहे किंवा वरून लाळ उतरतेय. रंग बघायचा, वासही बघायचा. आणि दुसरी गोष्ट, ती मला सगळ्यात उपयोगी पडली: सुकवून झालं की लगेच निकाल लावायचा नाही. तोंडावर कोरडा कापूस ठेवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग नवा पॉइंट बरोबर लांबीवर घालायचा. कोरडा आला तर मघाशी जे ओलं दिसत होतं ते आपलंच सलाइन होतं. ओला आला तर मात्र बाहेरून येतंय. ही साधी गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती.

त्यांनी एक पीडीएफही पाठवली, गोवा डेंटल कॉलेजमधून 2010 मध्ये जर्नल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्रीत आलेला आढावा, मोठी लीजन सर्जरी न करता कशी बरी करायची यावर. त्यात कॅनॉलमधूनच लीजनमधलं पाणी ओढून काढायच्या पद्धती दिल्यात. म्हणजे पुसायचं नाही, ओढायचं.

पाचवी व्हिजिट तीन दिवसांनी. मी दादांना आधी खरं सांगितलं, की मोजमापात माझी चूक झाली होती, तुमचा दात वाईट नाही, आणि या पुढच्या दोन फेऱ्यांचे पैसे घेणार नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले आज होईल ना. मी म्हटलं आज पाणी काढू.

टेम्पररी काढताना आधी मोजली, जेमतेम 2 मिमी, खाली कापसाचा मोठा बोळा आणि त्याची एक दशी थेट टेम्पररीच्या कडेतून बाहेर डोकावत होती. तीच दशी वात झाली होती, लाळ आत ओढणारी. या मटेरियलची जाडी किमान साडेतीन मिमी तरी हवी असं आम्ही थर्ड इयरला पाठ केलेलं असतं, आणि पुढच्या दातात मागून केलेल्या छोट्या खड्ड्यात कापूस जास्त भरला की तेवढी जागाच उरत नाही. म्हणजे पाणी दोन्हीकडून येत होतं, खालून माझ्या लांबीमुळे, वरून माझ्या कापसामुळे.

नवीन लांबी काढली, या वेळी बारीक फाईलने नाही तर कॅनॉलमध्ये नीट बसेल अशा फाईलने, आणि आधी आतला सगळा द्रव काढून, चेंबर (दाताच्या वरच्या भागातली पोकळी) कोरडं ठेवून, कारण चेंबर काठोकाठ भरलेलं असलं की लोकेटर भरकटतो. लोकेटरने मुळाचं तोंड दाखवलं 20.5 वर. तोंडाचं माप घेतलं, 45 सरळ बाहेर जात होती, 50 तिथे अडकत होती. मूळचं तोंड याहून बरंच बारीक असणार, हे मोठं झालेलं माझ्या हातचं. कामाची लांबी ठरवली 19.5, तोंडाच्या एक मिमी अलीकडे, आणि तिथे 60 पर्यंत हाताच्या फाईलने पायरी तयार केली, म्हणजे पुढे भरताना काही बाहेर जाणार नाही.

आता ओढायचं काम. यासाठी तयार मशीन मिळतं, निगेटिव्ह प्रेशरचं, त्याची शेवटची सुई 0.32 मिमीची असते आणि टोकाजवळ बाजूने बारा सूक्ष्म छिद्रं असतात, औषध वर चेंबरमध्ये सोडायचं आणि ती सुई ते मुळाच्या टोकातून ओढून घेते. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे 30 गेजची बाजूला तोंड असलेली सुई आहे, जी एरवी धुवायला वापरतो, तिची बाहेरची जाडी 0.31 मिमी, 60 च्या कॅनॉलमध्ये आरामात जाते आणि भोवती जागा उरते. रबराचा स्टॉपर लावून 18.5 वर खूण केली, 2 मिलीच्या सिरिंजला जोडली, कॅनॉलमध्ये घातली आणि पिस्टन हळूहळू मागे ओढला. जोरात ओढलं तर सुईचं तोंड भिंतीला चिकटतं आणि काहीच येत नाही, म्हणून थोडं ओढायचं, थांबायचं, सुई अर्धा मिमी वरखाली करायची, परत ओढायचं. आधी हवा आली, मग गवताच्या रंगाचं पातळ पाणी. सिरिंजमध्ये मोजलं तर 0.3 मिली. कागदावरच्या हिशोबात हे साठ कॅनॉल भरतील एवढं होतं. ताई म्हणाल्या, सर, एवढं कुठे होतं हे?

मग सलाइनच्या नळीचा छोटा तुकडा खुर्चीच्या सक्शनच्या नळीत घट्ट बसवला, त्याच्या टोकाला तीच सुई लावली, परत 18.5 ला ठेवली आणि घड्याळ लावून वीस मिनिटं तसंच हळू सक्शन चालू ठेवलं, खुर्ची जवळपास सरळ. पारदर्शक नळीमुळे काय येतंय ते दिसतं हा मोठा फायदा. पहिली काही मिनिटं तेच पिवळसर पाणी मध्येमध्ये, मग गुलाबी, मग नुसती हवा. दादांना काही दुखलं नाही, फक्त वर नाकाशेजारी ओढल्यासारखं वाटतंय म्हणाले, तेही थोड्या वेळाने गेलं.

त्यानंतर धुणं, तेही उलट्या पद्धतीने. ताईंनी वरून चेंबरमध्ये हायपो थेंबथेंब सोडायचं, मी खालून सुईने ओढत राहायचं, म्हणजे औषध कॅनॉलच्या भिंतींवरून खाली जातं आणि टोकापाशी पोचलं की सुई ते उचलते, बाहेर ढकललं जात नाही. उघड्या तोंडाच्या दातात याला फार महत्त्व आहे. एरवी आपण सुई खाली घालून दाबतो, तोंड मोठं असलं आणि सुई अडकली की हायपो सरळ बाहेर जातं, मग किंचाळण्याइतकं दुखणं, तासाभरात गाल सुजून काळानिळा, मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये एकदाच बघितलंय, दुसऱ्या ठिकाणाहून आलेला पेशंट, ते परत बघायची इच्छा नाही. आणि दुसरं म्हणजे बंद टोकाच्या बारीक नळीत वरून पाणी सोडलं तर शेवटच्या दोन-तीन मिमीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि औषध तिथे पोचतच नाही, आपल्याला वाटतं धुतलं. खालून ओढलं की तो बुडबुडाच आधी निघतो. हायपोनंतर सलाइन, 17 टक्के ईडीटीए (भिंतीवरचा घासलेला भुसा सोडवणारं द्रावण) मिनिटभर, परत सलाइन. क्लोरहेक्सिडिन, म्हणजे दुसरं जंतुनाशक, मी मध्ये आणलं नाही, हायपो आतमध्ये उरलेलं असताना ते घातलं तर विटकरी-तपकिरी साका बसतो आणि तो काढणं आणखी एक काम.

सुकवणं आता कसं झालं बघा. सुईने सगळं ओढून घेतलं आणि मग 60 चा पेपर पॉइंट, त्यावर 19.5 ला चिमट्याची खूण करून. पहिला ओला, दुसऱ्याचं टोक जरासं दमट, तिसरा कोरडा. तीन पॉइंट. मागच्या वेळी बारा लागले होते आणि तरी ओला होता. ओढून घेतल्यावर पॉइंटला फक्त भिंतीवरचा ओलावा उरतो, आणि तेवढंच त्याचं काम आहे. भरलेल्या कॅनॉलमध्ये थेट पॉइंट घातला तर तो आधी पिस्टनसारखा वागतो, टिपायच्या आधी थोडं पुढे ढकलतो.

पाच मिनिटांची टेस्ट केली. टोकाला अर्धा-एक मिमी दमट आलं, रंग नाही, वास नाही. म्हणजे थोडं अजून येत होतं, पण त्या दिवशी भरायची घाई मी केली नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड सलाइनमध्ये कालवून भरलं, 19.5 च्या पुढे जाऊ दिलं नाही, वर कापूस नखाएवढा, मग 4 मिमी टेम्पररी मोजून, त्यावर जीआयसी (ग्लास आयनोमर सिमेंट). तीन आठवडे.

सहावी व्हिजिट गणपती झाल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. एसटी उशिरा आली म्हणून दादा दुपारी दोनला पोचले, मी जेवायला गेलो नव्हतो. टेम्पररी जागेवर, कोरडी. औषध धुऊन काढलं, हे सुद्धा सोपं नसतं, कॅल्शियम टोकाला चिकटून बसतं, ईडीटीए घालून फाईलने हलवत हलवत काढावं लागतं. ओढलं, दोन पॉइंट, कोरडा. कापूस ठेवून पाच मिनिटं थांबलो. ती पाच मिनिटं मी खिडकीपाशी उभा होतो. नवा पॉइंट 19.5 ला घातला, काढून हिरव्या कपड्यावर टेकवला, कपड्यावर ठिपका उमटला नाही. ताईंनी दुसरा घालायला लावला, तोही कोरडा.

भरायला मी बायोसिरॅमिक सीलर (फटी बुजवणारी पेस्ट) वापरला, 60 चा जीपी कोन (गटापर्चाची रबरासारखी काडी) टोकाला जरा मऊ करून त्या पायरीवर बसवून घेतला, ओढताना अडकेल असा. इथे एक बारीक गोष्ट: हा सीलर पाण्याशीच घट्ट होतो, म्हणून याच्यासाठी कॅनॉल अल्कोहोलने धुऊन ठणठणीत कोरडा करायचा नाही. रेझिनच्या सीलरला जास्त पाणी चालत नाही, याला थोडं लागतं. दातात म्हणजे डेंटिनमध्ये मुळातच वजनाच्या दहाएक टक्के पाणी असतं, ते तसंच राहू द्यायचं, उभं राहिलेलं पाणी तेवढं काढायचं. सुकवायचं म्हणजे नक्की कितपत हे सीलर ठरवतो, हे मला आधी इतकं स्पष्ट नव्हतं. एक्सरेत भरणं टोकाच्या एक मिमी अलीकडे, बाहेर काही नाही. कड कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) पूर्ववत केली.

एप्रिल 2024 ला सीझन संपल्यावर दादा आले. फोड परत आला नव्हता, गोळी एकही नाही. एक्सरेत काळा गोल निम्म्याहून लहान, कडेने हाडाच्या रेषा आत यायला लागलेल्या. ऑक्टोबर 2024 ला परत, आता मुळाच्या टोकाशी नखाच्या कोरीएवढी काळी जागा उरलीय, बाकी भरलंय. अशी जागा पूर्ण भरायला चार वर्षंही लागू शकतात, म्हणून मी त्यांना दर वर्षी सीझनच्या आधी एकदा यायला सांगितलंय. दाताचा रंग अजून करडाच आहे, आतून ब्लीच करून देतो म्हटलं, दादा म्हणाले ट्रॅक्टरवर कोण बघतंय. आई मात्र म्हणाल्या करून घे, तेव्हा बहुतेक पुढच्या वेळी करू.

ही केस तेव्हाच सर्जरीला पाठवली असती तर काय झालं असतं याचा मी बऱ्याचदा विचार करतो. कदाचित बरी झाली असती. पण एका पुढच्या दाताच्या मुळाचं टोक कापलं गेलं असतं, दादांना सोलापूरला दोन-तीन खेपा, औषधं, टाके, आणि केसपेपरवर कारण लिहिलं असतं, कॅनॉल सुकत नाही. मॅडमनी तो फोटो मागितला नसता तर मी तेच लिहिलं असतं.

दादांचं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. वर्किंग लेंग्थच्या रकान्यात 21 खोडलंय, शेजारी 19.5, तारीख, आणि पुढे ताईंच्या अक्षरात: कड घासल्यानंतर परत मोजले.